सात नंबरचा वाफा

२८ सप्टेंबर १९८६, रविवार. सकाळी ८.१०
आजपासून बाग. निर्णय पक्का.
कारण लिहून ठेवतो, म्हणजे नंतर इंदूने विचारलं तर उत्तर तयार. गेल्या डिसेंबरात कॉलनीच्या फुलबाग स्पर्धेचा कप आठ नंबरला गेला. आठ नंबर म्हणजे आमच्या भिंतीला भिंत. तिथे नामदेव राहतो, आमच्याच फॅक्टरीत फिटर. मूळचा किनाऱ्यावरच्या दांडी गावचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या होड्या. त्याने मासे पकडावेत, तर झेंडू लावतो आणि वर कप घेतो. कप घ्यायला म्हातारी आई, गोदूबाई, स्टेजवर चढली तेव्हा टाळ्या मी पण वाजवल्या. तीन. मोजून.
मी बावीस वर्षं स्टोअर्समध्ये आहे, त्यातली नऊ हेडक्लार्क. पावणेचार हजार आयटम तोंडपाठ. मला एका वाफ्याचं काय अवघड?
प्लॅन: दारासमोर बारा फूट बाय चार फूट वाफा. खोली दोन फूट, पुस्तकात तसंच दिलंय. शेवंती, डेलिया, अॅस्टर. स्पर्धा २१ डिसेंबरला. बरोबर बारा आठवडे. रोज पहाटे पाचला उठणे.
इंदू म्हणाली, आधी कुंडीतल्या तुळशीला पाणी घाला, चार दिवस ती कोरडी आहे. तिला दूरचं दिसत नाही.

३० सप्टेंबर
सातला उठलो. खोदाई सात इंच. पाठ.
नामदेव कुंपणावरून बघत होता. म्हणे, साहेब, तुमी कुदळ फार वरून उचलता, द्या इकडे, मी खणून देतो. याला म्हणतात हेरगिरी. खोली मोजायला आला होता. मी म्हटलं, आमचं आम्ही बघू. हसून गेला. हसण्यासारखं काय होतं?

२ ऑक्टोबर, गांधी जयंती. सुट्टी
सकाळी ६.५० ला कुदळ कशावर तरी आपटली. दगड समजून आणखी जोरात घाव घातला. पाइप.
कारंजं घराच्या पत्र्यापर्यंत गेलं. गोदूबाईंचे दोरीवर वाळत घातलेले बोंबील भिजले, हा त्यातला एकच समाधानाचा भाग. संपूर्ण लाइनीचं पाणी बंद. बायका हंडे घेऊन दारात आल्या आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. कॉलनीचे सेक्रेटरी लुंगीवर आले. निकाल: नवा पाइप पडेपर्यंत सात नंबरचा बागेचा नळ बंद. स्वयंपाकघराचा चालू.
मुळात पाइप माझ्याच वाफ्याखालून का जातो? आठ नंबरखालून का नाही? कुणीतरी आधीच ठरवून टाकलेला आहे. चौकशी झाली पाहिजे.

३ ऑक्टोबर
नामदेव स्वतःहून आला. म्हणे, अर्ध्या तासाचं काम हाय, सॉकेट माज्याकडे पडलाय, संध्याकाळी जोडून टाकतो. मी सांगितलं, रीतसर अर्ज दिला आहे. तीन प्रतींत. काम खात्यामार्फत होईल.
त्याचे उपकार घेऊन त्यालाच हरवायचं, हे माझ्याने होणार नाही.

५ ऑक्टोबर, रविवार
इंदू भावाबरोबर माहेरी गेली, पारोळ्याला. तिची आई आषाढात गेली. भाऊ आता अंगणात दोन खोल्या काढतोय, म्हणून एकदा बघून येते म्हणाली. आठ दिवस. बरं झालं, कामात एकाग्रता येईल.
पाण्याचा प्रश्न मी सोडवला. क्वार्टर्सच्या मागे, खाडीच्या बाजूला, कॉलनी व्हायच्या आधीची विहीर आहे. काठावर गवत, रहाट मोडका, पण पाणी हाताशी. पोहरा टाकला. पाणी चाखलं. गोड! पंचवीस वर्षं लोक या विहिरीवरून जातात आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही.
गोदूबाईंनी मात्र लगेच नाक खुपसलं. म्हणाल्या, चंद्रभानभाऊ, आता गोड हाय, पण दसरा झाला का खारी होनार ती. पावसाचं पानी उतरलं का खाडी आत शिरते. झाडांना नका घालू.
विहीर पंचांग बघून खारी होते हे प्रथमच ऐकलं. म्हातारीला विहीर आपल्या मुलासाठी राखून ठेवायची आहे, दुसरं काही नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा
वाफा तयार. खोली एक फूट. उरलेला एक फूट मुळांनी स्वतः खणावा, त्यांनाही व्यायाम हवा. शेणखत दोन पोती. माती चाळून घेतली (अर्ध्या वाफ्याची. अर्धी बरी होती). कडेला विटा तिरप्या लावल्या. आठ नंबरकडे विटा नाहीत.
इंदू आली. येताना तिच्या आईच्या अंगणातल्या शेवंतीचे फुटवे आणले, ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून. बावीस. भावाने त्याच जागी पाया खणायला घेतला आहे, म्हणून सगळे उपटून आणले. मागच्या दारी टिनात लावते म्हणाली. मी समजावलं की अशी जातिवंत शेवंती मागच्या दारी टिनात लावणं म्हणजे तिच्या आईचा अपमान. ती म्हणाली, पाणी रोज घालाल ना? मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला?
तिने एकेक फुटवा हाताने लावला. मी ओळ सरळ येतेय का ते बघितलं.

१५ ऑक्टोबर
ऊन भयंकर. ऑफिसातून आल्यावर पडलो. पाणी उद्या.

१७ ऑक्टोबर
पाणी उद्या. आज ऑडिटची तयारी.

१८ ऑक्टोबर
चार दिवसांचा कोटा एकदम दिला. अडुसष्ट पोहरे. हात वर होत नाहीत, पेन धरवत नाही. ज्याला शिस्त म्हणतात ती ही.
त्याच वेळी नामदेव नळीने पाणी घालत होता. एका हातात नळी, दुसऱ्या हातात चहा. अर्धा तास! त्यातलं निम्मं पाणी नुसतं सांडतं. माझ्याकडे बघून म्हणे, साहेब, नळी टाकू का तिकडे? डिवचतोय मला.

२० ऑक्टोबर
सेक्रेटरींना पत्र टाकलं. पाच मुद्दे. आठ नंबरकडून होणारी पाण्याची उधळपट्टी, सार्वजनिक नीती, पुढच्या पिढ्या वगैरे. खाली सही: एक पाणीप्रेमी रहिवासी. अक्षर मुद्दाम डावीकडे कलतं काढलं. मी काढलं म्हणून मलाच ओळखू आलं नाही.

२४ ऑक्टोबर. संध्याकाळ
हे लिहू की नको.
नामदेव पत्र घेऊन आला. माझंच. सेक्रेटरींनी त्याला दाखवून लेखी खुलासा मागवला आहे. म्हणाला, साहेब, कॉलनीत तुमच्यासारखी भाषा कुनाची नाय, तुमीच लिहून द्या. इंदूने लगेच त्याला खुर्ची दिली, मला कागद दिला.
नाही म्हणायला कारण सापडेना. बसलो. सुरुवातीला मुद्दाम ढिलं लिहीत होतो. पण मसुदा हातात आला की मला राहवत नाही. पहिला मुद्दा खोडला. दुसरा खोडला. तिसरा तर असा खोडला की मूळ तक्रारदाराला कॉलनीत तोंड दाखवायला जागा राहू नये. ‘निनावी पत्रामागे लपणाऱ्या भेकड वृत्तीची कीव येते’ हे वाक्य लिहून झाल्यावर लक्षात आलं.
नामदेवला वाचून दाखवलं. त्याने कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाला, येवढं कडक नको होतं, साहेब. तोपन मानूसच हाय.

२८ ऑक्टोबर
तक्रार फेटाळली. वर आमच्या लाइनीच्या पाण्याची देखरेख नामदेवकडे दिली. खुलासा नमुना म्हणून नोटीस बोर्डावर लावला आहे. गद्य माझं, नाव त्याचं. लोक थांबून वाचतात. वाक्यरचनेचं कौतुक एकानेही केलं नाही.

२ नोव्हेंबर, दिवाळी
शेवंतीच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या आहेत. डेलियाच्याही. कारण: फटाक्यांचा धूर. शक्यता दुसरी: कुणीतरी मुद्दाम काहीतरी शिंपडलं.
इंदूने पोहऱ्यातलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि थुंकलं. खारट लागतं म्हणाली. मी चाखलं. किंचित चव आहे, पण त्याला खनिज म्हणतात. खनिजं पिकांना लागतातच. पुस्तकात खनिजांवर अख्खं प्रकरण आहे. (अजून वाचलेलं नाही.)
ती म्हणाली, निदान स्वयंपाकघरातून दोन बादल्या नेऊन घालते. मी परवानगी दिली नाही. दोन प्रकारच्या पाण्याने रोपं गोंधळतात.

८ नोव्हेंबर
आनंदाची बातमी! वाफ्यावर पांढरी साय आली आहे. खत वर येतंय. मातीला पचलं की उरलेलं ती वर टाकते, हे माझं स्वतःचं निरीक्षण. पाणी वाढवलं. सकाळी वीस पोहरे, संध्याकाळी वीस. आता एकही दिवस चुकवत नाही.
गोमा जाता जाता थांबला. कॉलनीचा माळी आहे, म्हातारा, कमी बोलतो. वाफ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, पानी बंद करा. एवढंच. हा माळी! पाणी बंद करा म्हणणारा माळी! त्याला आठ नंबरकडून सुकी मासळी पोचते हे मी डोळ्यांनी पाहिलंय.
मधल्या कुंपणाला गोणपाटाचा पडदा शिवला. आता बघा म्हणावं.

११ नोव्हेंबर
गोदूबाई पडद्यावरून. फक्त आवाज. भाऊ, जलून जातील रं ती, पोरीनं आईघरून आनलेली हायत. पडद्याशी काय बोलायचं.

१५ नोव्हेंबर
अॅस्टर संपले. ते तसेही परदेशी. डेलियांत जोर राहिला नाही. शेवंतीचे बावीसपैकी नऊ. पण जे नऊ राहिले ते कसाला उतरलेले. मला नऊच पुरे.
इंदू दोन दिवस फारशी बोललेली नाही. उपास असेल.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७
चोरी!!
नऊच्या नऊ शेवंत्या गायब. नऊ खड्डे. व्यवस्थित, मातीसकट उचललेल्या. सराईत हात आहे. आठ नंबर! सेक्रेटरींकडे तक्रार, या वेळी स्वतःच्या नावाने. आधी पुरावे. ओल्या मातीत पावलं उमटली आहेत. माग काढतो.

सकाळी ७.४०
पावलं आमच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबतात.

दुपारी
इंदू चहा करत होती. विचारलं. म्हणाली, हो, मीच नेल्या. गोदूबाईंच्या अंगणात लावल्या. मी म्हटलं, माझ्या वाफ्यातून, माझ्या शत्रूच्या दारात? ती म्हणाली, कसला शत्रू? आईच्या अंगणात आता सिमेंट पडलंय. एवढीच नऊ राहिलीत. तुमच्या हट्टापायी तीही मारू देऊ का?
मी आवाज चढवला. म्हटलं, त्यांनी तुझे कान भरलेत. तो माझ्याविरुद्ध पहिल्यापासून आहे.
त्यावर ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो. अहो, नामदेवभाऊजी रोज स्टोअर्समधून तुमच्या हातचा गेटपास घेऊन सामान नेतात. दहा वर्षं. तुमचं अक्षर डावीकडे कलतं काढा नाहीतर उलटं काढा. त्यांनी ते पत्र बघितल्याबरोबर ओळखलं.
मी म्हटलं, मग माझ्याकडेच लिहायला का आणलं?
म्हणाली, ते येणारच नव्हते. गोदूबाईंनी पाठवलं. म्हणाल्या, त्यालाच लिहू दे, लिहिता लिहिता त्याचा राग जाईल.
चहा तिथेच ठेवून उठलो.

१७ नोव्हेंबर
लिहिण्यासारखं काही नाही.

१८ नोव्हेंबर
आज पण.

२३ नोव्हेंबर, रविवार
इंदू रोज संध्याकाळी साडेपाचला आठ नंबरमध्ये जाते. झारी घेऊन. माझी झारी. पडद्यापलीकडून हसण्याचे आवाज येतात. नामदेवची बायको मंजुळा, गोदूबाई आणि ही. आमच्या घरात तीस वर्षांत एवढं हसणं मी ऐकलेलं नाही. फितुरी झालेल्या घरात राहणं कसं असतं ते इतिहासातच वाचलं होतं.
गोणपाटाला एक भोक पडलं आहे. हवेने. त्यातून दिसलं: नऊपैकी आठ जगल्या आहेत. कळ्या धरल्यात.
मातीचा फरक. त्यांच्या बाजूची माती चांगली दिली आहे, हे मी पहिल्यापासून म्हणतोय.

१४ डिसेंबर, रविवार
अजून संपलेलं नाही. नवा प्लॅन, आणि हा कुणालाच माहीत नाही.
पालघरच्या नर्सरीतून झेंडूची फुललेली बारा रोपं आणली. पिशव्यांसकट. एसटीत मांडीवर, पायात, खिडकीत. कंडक्टर म्हणाला, सत्यनारायण का? पिशव्या वाफ्यात पुरल्या, वरून माती. लांबून बघितलं तर महिनाभर इथेच वाढल्यासारखी. स्पर्धेच्या नियमांत पिशवीचा उल्लेख कुठेच नाही, मी दोनदा वाचले.
इंदूने बघितलं. आत गेली.
पाणी भरपूर दिलं. परीक्षकांसमोर तजेला पाहिजे. तीस पोहरे.

१७ डिसेंबर
झेंडू जरा माना टाकताहेत. प्रवासाचा शीण. चाळीस पोहरे.

१९ डिसेंबर
पंचेचाळीस. उजवा खांदा गेला. बाम लावायला कुणाला सांगावं कळेना, स्वतःच लावला.

२१ डिसेंबर, रविवार. स्पर्धा
परीक्षक तिघे आले. सेक्रेटरी आणि गोमा बरोबर. मागे लाइनीतली बरीच माणसं. मी इस्त्रीचा शर्ट घालून वाफ्याच्या डोक्याशी उभा.
बारा झेंडू, सगळे आडवे. त्यांच्याखाली वाफा या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा. उन्हात चमकत होता. परीक्षकांमधल्या बाई चष्मा काढून म्हणाल्या, हे काय टाकलंय? चुना?
मी सांगितलं, खत आहे. वर आलेलं. मी जमीन तयार करतोय, ही दोन वर्षांची योजना आहे, यंदा फुलं हा उद्देशच नव्हता.
गोमा खाली बसला. बोटाने जरासं खरवडलं, जिभेवर ठेवलं.
मीठ, म्हणाला.
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. नामदेव पुढे आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, साहेबांचा नळ बंद हाय ना ऑक्टोबरपासून, इहिरीवरून पानी ओढलं त्यांनी रोज, अख्ख्या लाइनीत येवढी मेहनत कुनी केली नाय. बाजू घेतली माझी! इतका अपमान आयुष्यात झाला नव्हता.
संध्याकाळी बक्षीस समारंभ. कप आठ नंबरला. पण शेवंतीचं वेगळं बक्षीस होतं, त्याला नामदेवने हात जोडले. म्हणाला, शेवंती आमची नाय, सात नंबरच्या इंदूताईंच्या आईची हाय. माईकवर इंदूचं नाव पुकारलं. ती स्टेजवर चढली. पदर नीट केला, कप नाही, एक स्टीलचा डबा मिळाला, तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. रडत होती. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने मला विचारलं, तुमच्या कोण लागतात? मी म्हटलं, आमच्याच.
टाळ्या वाजवल्या. या वेळी मोजल्या नाहीत.

२३ डिसेंबर
गोमाला गाठलं. एकटा असताना. विचारलं, आता त्या वाफ्याचं काय करू? म्हणाला, वरची पांढरी माती काढून टाका. मग गोडं पानी भरून सोडा, निचरू द्या, पुन्हा भरा. चार-पाच वेळा. मीठ खाली गेलं तर गेलं. नायतर पावसाळ्यापत्तूर थांबा.
पाइप अजून आलेला नाही. अर्जाच्या तिन्ही प्रती माझ्याकडेच आहेत, द्यायच्या राहिल्या होत्या.

२५ डिसेंबर, नाताळ. सुट्टी. सकाळ
साडेसहाला पडदा सोडवला. गोणपाट घडी करून ठेवलं. नामदेव नळाशी तोंड धूत होता.
काय बोलायचं ते दोन दिवस ठरवत होतो. आधी पत्राबद्दल. मग पाइपबद्दल. मग गोदूबाईंना काय काय मनात बोललो त्याबद्दल. सगळं क्रमाने. समोर गेल्यावर एवढंच तोंडातून निघालं, नळी मिळेल का?
तो म्हणाला, घ्या ना.
तीन महिने, आणि उत्तर एवढंच होतं.
त्यानेच नळी तोटीला लावून टोक माझ्या हातात दिलं. गोदूबाई पायरीवर बसून मासळी निवडत होत्या. वर बघून म्हणाल्या, हळू सोडा, भाऊ, माती वाहून जायल. मी बरं म्हणालो.
पांढरी माती काल फावड्याने काढली होती. झेंडूही. आता वाफ्यात काही नाही, नुसती माती आणि तिरप्या विटा. पाणी सोडलं. भरलं की थांबलो, मुरलं की पुन्हा भरलं. इंदू दारात येऊन उभी राहिली. चहा विचारला. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा.
रस्त्याने येणारे-जाणारे थांबत होते. त्यातला पहिला शिफ्टवरून येत होता. म्हणाला, वा साहेब, काय लावलंय? शेवंती लावणार आहे, पुढच्या वर्षी कप आपलाच, असं सगळं तोंडात आलं होतं.
काही नाही लावलं, म्हणालो.
तो वाफ्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, आणि गेला. त्याच्यानंतर आणखी दोघांनी विचारलं. त्यांनाही तेच सांगितलं. नळाचं पाणी साडेसातला गेलं.